माझ्या घशात अडकलेला चुडा

मित्रांनो, मी एक जुना सापळा आहे. दचकू नका, मी उंदरांचा सापळा नव्हे. त्याच्यात नि माझ्यात फार फरक आहे. त्याचं काम झालं की लोक त्याला चिमटीत धरून लांब ठेवतात, मला मात्र या घरात हळदकुंकू लागतं. मी मासे धरायचा सापळा. माझं अंग निरगुडीच्या फोकांनी विणलेलं आहे आणि घसा बांबूच्या कांब्यांचा. लांबून पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, पोट सुटलेली घागर कुणीतरी आडवी टाकून ठेवली आहे. करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या पाण्याकाठी, कोंडीबा नावाच्या मासेमाराच्या घरी मी राहतो.

माझी सगळी करामत घशात आहे. माझं तोंड रुंद आहे, पण आत जावं तसा घसा निमुळता होत जातो आणि कांब्यांची टोकं आतल्या बाजूला वळलेली असतात. मासा आत येताना त्या टोकांना अंग घासत सहज सरकतो. परत फिरला की तीच टोकं त्याच्यासमोर उभी राहतात. मी कुणाला ओढत नाही की चावत नाही. फक्त आत येऊ देतो, आणि मग जाऊ देत नाही. मासे काढायला माझ्या शेपटीकडे एक झाकण आहे. त्याची सुतळी सोडली की मासे थेट पाटीत पडतात.

मला विणलं बजाबाईने. बजाबाई म्हणजे कोंडीबाची बायको. तिचं माहेर सीना नदीच्या काठचं. तिथे तिचे वडील असे सापळे विणायचे आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून ही शिकली. सासरी आली तेव्हा कोंडीबाच्या घरात होडी होती, जाळी होती, पण सापळा नव्हता. तिचा मुलगा शिवराज रांगायला लागला त्या वर्षी तिने ओढ्याच्या काठची ओली निरगुडी तोडून आणली आणि अंगणात बसून मला विणायला घेतलं. एका हाताने वीण घट्ट करायची आणि दुसऱ्या हाताने शिवराजच्या तोंडातली काडी काढायची, असं चाललं होतं. त्यामुळे माझं पोट एका बाजूला जरा फुगलेलं राहिलं. त्याचा दोष मी आजही शिवराजलाच देतो.

वीण तिने मुद्दाम विरळ ठेवली. बोटभर पिल्लू असलं तर ते माझ्या अंगातून आरपार निघून जावं, असा तिचा हिशेब. आणि घसा झाला तेव्हा तिने स्वतःची मूठ आत घालून पाहिली. मूठ सहज आत गेली पाहिजे आणि जराशी मुरड घातली की बाहेर आली पाहिजे. तेवढंच माझ्या घशाचं माप.

कोंडीबा मोठा गमत्या माणूस. तो माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "अगं, ह्ये कोंबड्या झाकाया इणलंस व्हय?"

"बघाल की," एवढंच ती म्हणाली.

पण माझा पहिला दिवस फजितीचा निघाला. सीनेला पाणी वरून खाली येतं आणि ते उतरायला लागलं की मासाही त्याच्याबरोबर खाली उतरतो. म्हणून तिच्या माहेरी सापळ्याचं तोंड वरच्या अंगाला ठेवतात. बजाबाईने मलाही ओढ्यात तसंच मांडलं. दोन्ही बाजूंनी दगड रचले, मधल्या फटीत मला बसवलं, पोटात भाकरीचा शिळा तुकडा ठेवला. तिला ठाऊक नव्हतं की धरण भरत असलं की इथल्या ओढ्यात पाणी खालून वर चढतं. मासे आले, भरपूर आले, पण ते माझ्या मागून आले. मी वर तोंड करून बसलेलो आणि पाव्हणे माझ्या शेपटीशी. कोंडीबाने ही गोष्ट गावभर केली. म्हणाला, "मासं आलं, शेपूट हुंगलं, राम राम करून गेलं."

बजाबाई रुसली नाही. ती काठावर बसून पाण्यात तरंगणाऱ्या पाल्याकडे बघत राहिली. पाला ओढ्याच्या वरच्या बाजूला चालला होता. मग तिने पदर खोचला, पाण्यात उतरली आणि मला फिरवून माझं तोंड धरणाकडे केलं. "हितलं पाणीच उलटं चालतंय की," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मला उचलायला कोंडीबाला हाक मारावी लागली, कारण तिच्या एकटीने मी उचलेना. कोंबड्या झाकायची गोष्ट त्यानंतर त्याने काढली नाही.

मग सुरू झाले माझे भरभराटीचे दिवस. चिलापी आली, मरळ आली, दगडाखाली दडून बसणारी आणि जाळ्याला कधी न लागणारी वाम आली. झिंगे तर इतके येत की माझं पोट आतून कुरकुरत राही. एकदा एक खेकडा आला आणि त्याने दोन फोक कुरतडून स्वतःचं दार स्वतः केलं. मला राग आला होता, पण त्याच्या हिकमतीचं कौतुकही वाटलं. बजाबाई मला दर हंगामात डागडुजी करायची. आज माझ्यातल्या मूळच्या काड्या किती आणि नंतरच्या किती हे मलाही सांगता यायचं नाही. हंगाम संपला की ती मला चुलीवरच्या आढ्याला टांगायची. धूर लागला की बांबूला कीड लागत नाही. मला नाक नसल्यामुळे धुराचा त्रासही होत नसे.

आणि माझा मोठा मान असायचा लग्नात. या घराची एक रीत आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, हळद फिटायच्या आधी, नवरानवरीचा खेळ असतो. तुमच्याकडे परातीत अंगठी शोधत असतील. इथे सापळ्यात सुपारी टाकतात. नवऱ्याने नि नवरीने तोंडाकडून हात घालायचा आणि सुपारी बाहेर काढायची. ज्याने काढली त्याचं घरात चालणार, असं बायका म्हणतात. ही रीत मुळात बजाबाईच्या माहेरची, पण कोंडीबाच्या भावाच्या लग्नात ती या घरात आली आणि इतकी रंगली की इथलीच होऊन गेली. त्या काळी मला थेट ओढ्यातून उचलून आणत. अंगातून पाणी ठिबकत असे, घसा मऊ असे. हात आत जाई, अडके, नवरी लाजे, बायका हसत, आणि जराशी मुरड घातली की हात सुटे.

मग दिवस पालटले. घरात गॅस आला आणि चूल अंगणात गेली. बाजारातून घडी घालता येणारा जाळीचा सापळा आला. तो हलका, काखेत मारून नेता येणारा. त्याची वीण बारीक, बोटभर पिल्लूही सोडत नाही. मला विचारलंय कोणी? बजाबाईची बोटंही आखडायला लागली होती. सकाळी तिला भाकरी थापताना दोन्ही हात मिटून उघडून बघावे लागत. डागडुजी राहिली, हंगामही राहिला. मला पडवीत पत्र्याखाली खिळ्याला अडकवलं. पहिल्या वर्षी एका कोंबडीने माझ्यात बसून पाहिलं आणि तिला मी पसंत पडलो नाही. नंतर चिमण्यांनी संसार थाटला. त्यांचा मला राग नव्हता, तेवढीच सोबत. पण उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि मी वाळत वाळत जायचो. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर एवढं मोठं धरण पसरलेलं, आणि माझ्या घशाला वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब नाही. खरं सांगतो, त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शिवराजचं लग्न झालं. ज्याच्या तोंडातली काडी काढता काढता मला विणलं, तोच हा शिवराज. आता त्याला मिशा आहेत आणि होडीला मोटार आहे. नवरी सोलापूरची. तिचं नाव उत्कर्षा. नव्या पेठेतल्या साड्यांच्या दुकानात ती काऊंटरवर काम करायची. तिच्या आजोबांनी नदी सोडून शहर गाठलं होतं, त्यामुळे तिला मासा ठाऊक होता तो बाजारातला आणि ताटातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरानवरी करमाळ्याला जाऊन कमलाभवानीचं दर्शन घेऊन आली. वेशीपासून घरापर्यंत बिरुदेव हलगीवाल्याने त्यांना वाजवत आणलं आणि जेवणाची वाट बघत तो मांडवात टेकला. तेवढ्यात बजाबाई पडवीत आली. तिने खिळ्यावरून मला काढलं. चिमण्या केव्हाच उडून गेल्या होत्या, त्यांचं गवत तिने अलगद झाडलं, माझ्या तोंडाला हळदकुंकू लावलं आणि मला मांडवाच्या मधोमध नेऊन ठेवलं. मित्रांनो, मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मला वाटलं, ही मला विसरली नव्हती.

पण या आनंदाच्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. लग्नघरात सगळ्यांना सगळं आठवत होतं. कुणाला मानपान आठवत होता, कुणाला रुसलेला पाव्हणा आठवत होता. मला आधी पाण्यात भिजवायचं असतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. बजाबाईच्याही नाही. आजवर मला भिजवायची वेळच कधी आली नव्हती, मी ओलाच असायचो.

सुपारी पोटात पडली. आधी शिवराजची पाळी. त्याचा होडी हाकणारा हात माझ्या घशात बोटांपलीकडे जाईना.

"आरं, आत्ताच हरलास की," कोंडीबा म्हणाला.

मग उत्कर्षा पुढे सरसावली. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिने बोटं जुळवली आणि साडीच्या घडीत हात सरकवावा तसा हात आत घातला. एक एक बांगडी माझ्या कांब्यांना लागून किणकिणत आत आली. तिची बोटं माझ्या पोटात इकडेतिकडे फिरली आणि सुपारी तिच्या मुठीत गेली. बायकांनी टाळ्या पिटल्या. तिने हात मागे घेतला.

हात येईना.

तिने सुपारी सोडली, बोटं पुन्हा जुळवली, पुन्हा ओढलं. माझ्या कांब्यांची टोकं बांगड्यांच्या मागे जाऊन बसली होती. मी मुद्दाम करत नव्हतो. उलट जीव तोडून मऊ व्हायचा प्रयत्न करत होतो. पण कोरड्या बांबूला मऊ होता येत नाही. आधी सगळे हसले, मग थोडे हसले, मग कुणीच हसेना.

कुणीतरी तेल आणलं. तेलाने हात गुळगुळीत झाला, पण बांगड्यांमागची टोकं काही सुटली नाहीत. शिवराजने माझं शेपटीचं झाकण उघडलं, मागून हात घातला आणि कांब्या फाकवून पाहिल्या. एक कांबी कट्‌ दिशी मोडली आणि तिचं टोक उत्कर्षाच्या मनगटाला बोचलं. ती "आई गं" म्हणाली. शिवराजने हात मागे घेतला आणि झाकण पुन्हा बांधलं.

नवरीबरोबर तिची सुंद्रामावशी पाठराखीण म्हणून आली होती. ती आता उठून उभी राहिली. लग्नाचा चुडा म्हणजे साधी गोष्ट नाही. तो आपणहून उतरवायचा नाही, त्याला तडा जाऊ द्यायचा नाही, आणि दुसऱ्याच दिवशी बांगडी वाढवायची वेळ आली तर बायका वर्षभर कुजबुजतात.

"चुड्याला धक्का लागता कामा न्हाय," सुंद्रामावशी म्हणाली. "त्ये डालगं कापा."

डालगं. म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली. तेही मी ऐकून घेतलं. शिवराज आत गेला आणि कोयता घेऊन आला. तो कोयता मला ओळखीचा होता. त्यानेच माझी निरगुडी तोडली होती. मी बजाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या हातांकडे बघत होती. घसा कापला की सापळा संपला, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? नवा घसा विणणं तिला आता जमणारं नव्हतं, आणि या घरात दुसऱ्या कुणाला विणता येत नव्हतं.

"काप बाबा," ती म्हणाली. "सून मोठी का सापळा मोठा? काप."

शिवराज खाली वाकला. कोयत्याचं थंड पातं माझ्या तोंडाच्या काठाला टेकलं.

"थांबा की," उत्कर्षा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. काल लग्न झालेली मुलगी, अजून या घरात धड कुणाशी बोललेली नव्हती.

"आत्या," तिने सासूला विचारलं, "हा तुमी स्वतः इणला का?"

"व्हय."

"मग दुसरा इणाल?"

बजाबाईने दोन्ही हात पुढे केले. बोटं निम्मीच मिटली. "ही आता वळत न्हाईत, बाळ."

"मग कापायचं न्हाई."

"अगं येडी का काय तू?" सुंद्रामावशी म्हणाली. "मग काय जन्मभर हातात घालून बसणार हाईस?"

"बसते की," उत्कर्षा म्हणाली. आणि खरोखरच ती मला मांडीवर घेऊन पाटावर नीट बसली.

मित्रांनो, मला अनेकांनी नावाजलं आहे. पण माझ्यासाठी असं हटून कुणी बसलं नव्हतं. जिचा हात मी धरून ठेवला होता, तीच मला वाचवायला बसली होती. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की विचारू नका.

बजाबाई पुढे आली. ती सुनेजवळ खाली बसली आणि तिने अंगठा माझ्या कांबीवरून फिरवला. वरपासून टोकापर्यंत, हळूच. मग ती कपाळाला हात लावून हसायला लागली.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "ह्यो तर कोरडा ठाक पडलाय. माजंच ध्यान कुटं हुतं? ह्याला भिजवायचं ऱ्हायलं की."

"मंग आणतो बादली," कोंडीबा म्हणाला.

"बादलीनं काय हुतंय? बुडाला पायजे पुरा. चला, वड्यावर न्या."

कोयता मांडवाच्या खांबाशी टेकवून ठेवला गेला आणि सगळं लग्नघर उठलं. पुढे उत्कर्षा, शालू नेसलेली, मुंडावळ्या बाजूला सारलेल्या, आणि उजव्या हातात मी. मी जड नाही, पण अडचणीचा फार. म्हणून शिवराज माझी शेपूट धरून तिच्याबरोबर चालत होता. दोघांच्या मध्ये मी. बिरुदेव जेवणाची वाट बघून कंटाळला होता. कोंडीबाने त्याच्याकडे पाहून मान हलवली.

"काय वाजवू?" बिरुदेवने विचारलं.

"वरातीचं वाजव. आमच्या सापळ्याची वरात हाय."

हलगी कडाडली. ओढ्याकडची वाट आबासाहेबांच्या केळीच्या बागेतून जाते. आबासाहेब म्हणजे गावातले मोठे बागायतदार, कडक माणूस. मोटार चालू करून ते बांधावर उभे होते. त्यांनी ही मिरवणूक पाहिली आणि डोक्यावरची टोपी मागे सरकवली.

"कोंडीबा," ते म्हणाले, "सुनंला सापळ्यात धरून आणलीस व्हय रं?"

"उलटं हाय, आबासाहेब. सुनंनंच सापळा धरलाय."

आबासाहेब एवढे हसले की त्यांना मोटारीकडे जायचं भान राहिलं नाही. पाटाचं पाणी दुसऱ्याच सरीत गेलं. मग तेही मिरवणुकीच्या मागे चालू लागले.

धरण काठोकाठ भरलं होतं. ओढ्याचं पाणी केळीच्या शेवटच्या ओळीला टेकलं होतं. बजाबाईने लग्नाचं नवं लुगडं खोचलं आणि ती सुनेचा डावा हात धरून पाण्यात उतरली. दोघी कमरेइतक्या पाण्यात दगडावर टेकल्या आणि उत्कर्षाने मला खाली बुडवलं.

पाणी माझ्या तोंडातून आलं, अंगातून आलं, शेपटीतून आलं. चिमण्यांची उरलेली काडी काडी वाहून गेली. माझ्या प्रत्येक फोकाने आधी कुरकुर केली आणि मग तो गप्प झाला. किती वर्षांची तहान होती ती, मित्रांनो. मी हावरटासारखा पाणी प्यालो. मला नवरी आठवेना, चुडा आठवेना, काही आठवेना. मी फक्त ओला होत होतो.

"आता गप बसायचं," बजाबाई म्हणाली. "घाई केली तर त्यो आणखी आवळतोय."

"किती वेळ, आत्या?"

"त्यो सांगंल की."

काठावर हलगी थांबली. बायका केळीच्या सावलीला बसल्या. सुंद्रामावशी मात्र पाण्याच्या अगदी कडेला उभी राहून चुड्यावर डोळा ठेवून होती. बजाबाईने सुनेला माझ्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. "उलटा मांडला हुता मी. तुज्या मामांनी गावभर केलं," ती म्हणाली. मामा म्हणजे कोंडीबा. तो काठावरून ओरडला की त्याने फक्त चावडीवर सांगितलं होतं, बाकी गावाने आपोआप केलं. उत्कर्षाने तिच्या दुकानातल्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. वरच्या फळीवरची साडी काढायला गेली आणि सगळी फळी गिऱ्हाइकाच्या अंगावर आली. गिऱ्हाईक साड्यांच्या ढिगातून डोकं वर काढून म्हणालं होतं, ह्यातली निळी दाखवा.

दोघी हसत होत्या, एवढ्यात उत्कर्षा एकदम शहारली.

"आत्या, आत काहीतरी हाय."

तिच्या हाताला तेल लागलं होतं, हळदही होती. त्या वासाने बारके झिंगे गोळा झाले होते. माझ्या विरळ विणीतून ते आत शिरले आणि तिच्या तळव्याला चाटू लागले.

"झिंगं हाईत ती. काय करत न्हाईत. गप बस."

"लई गुदगुल्या व्हायल्यात," ती म्हणाली आणि खळखळून हसायला लागली. हसली की चुडा वाजायचा, चुडा वाजला की झिंगे पळायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा यायचे. तिचं हसणं बघून शिवराज काठावर हसायला लागला, मग बिरुदेव, मग सुंद्रामावशीही. या घरात आल्यापासून ही मुलगी पहिल्यांदाच मोकळी हसली, आणि ते माझ्या पोटात हात असताना. हा मान मी कुणाला देणार नाही.

मला घशात सैल वाटायला लागलं. बजाबाईने आखडलेली बोटं पाण्याखाली घातली आणि एक एक कांबी चाचपून पाहिली. बोट दाबलं की कांबी त्याच्याबरोबर वाकत होती.

"आता ऐकतोय ह्यो," ती म्हणाली. "अंगठा आत दुमड. बोटं जुळव. आता मनगट माज्याकडं फिरव. वढू नगंस, फिरव."

उत्कर्षाने मनगट फिरवलं. पहिली बांगडी सुटली. मी अंग आणखी सैल सोडलं. दुसरी सुटली. मग एकामागून एक. शेवटच्या बांगडीशी माझी एक कांबी अडून बसली, तीही बजाबाईने बोटाने दाबून धरली. आणि हात बाहेर आला.

सुंद्रामावशीने सगळ्यात आधी चुडा पाहिला. बांगडी न्‌ बांगडी फिरवून पाहिली. एकीलाही टवका गेला नव्हता. तोवर शिवराज म्हणाला, "आगं, मूठ का मिटलीयास?"

उत्कर्षाने मूठ उघडली. मुठीत सुपारी होती, पाण्यात बोटांना लागली तेव्हा तिने ती पुन्हा धरली होती. आणि सुपारीशेजारी एक झिंगा उड्या मारत होता.

"जिंकली," कोंडीबा म्हणाला, "आन्‌ वर आहेर बी आणला." बिरुदेवने हलगीवर थाप मारली ती जेवणाच्या पंगती बसेपर्यंत थांबवली नाही.

उत्कर्षाने तो झिंगा परत पाण्यात सोडला. सुपारी मात्र सासूच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव्हणे पांगले. बजाबाई माझी मोडलेली कांबी काढत बसली होती. बोटांना जोर येत नव्हता. उत्कर्षा चहाचा कप घेऊन आली, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आत्या, तुमी नुसतं सांगा. मी करते." साड्यांच्या निऱ्या घालून सरावलेली बोटं होती ती. तिने नवी कांबी तासली. ती वाकडी झाली. दुसरी तासली. तीही वाकडी. बजाबाईने रागावल्यासारखं केलं आणि तोंड फिरवून हसली. दुपारपर्यंत माझा घसा पुन्हा पुरा झाला.

तेव्हापासून मी ओढ्यात आहे. आता माझ्या शेजारी आणखी एक सापळा बसतो, उत्कर्षाने या वर्षी विणलेला. त्याचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलं आहे आणि शेपूट तिरपी आहे. मी त्याला हसत नाही. त्याला पहिल्या दिवशी एकच मासा लागला, तर सासू-सुनेने तो घरभर सगळ्यांना दाखवला. बजाबाई आता पाण्यात उतरत नाही. ती काठावर दगडावर बसते. "जरा डावीकडं," ती म्हणते, "आणखी जरा," आणि पाण्यात तिच्या सुनेचे हात तिचं ऐकतात. तिची बोटं वळत नाहीत, पण तिचं विणणं थांबलेलं नाही. हे रोज बघतो मी.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही घरात माळ्यावर, खिळ्याला, पत्र्याखाली माझ्यासारखा कुणीतरी टांगलेला असेल. त्याला नुसतं पुसून शोभेसाठी ठेवू नका. तो ज्या कामासाठी जन्मला ते काम त्याला द्या. आम्ही वापरून झिजत नाही तेवढे कोरडे पडून मोडतो. आणि आम्हाला ज्यांनी केलं ती माणसं अजून घरात असतील, तर त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा. त्यांच्या हातांत जोर नसला तरी चालेल, तुमचे हात आहेत. त्यांना फक्त सांगायला लावा.

आता मला थांबलं पाहिजे. माझ्या तोंडाशी पाणी हललं आहे, कुणीतरी आत येऊ की नको असा विचार करतंय. अशा वेळी सापळ्याने गप्प बसायचं असतं.